तासाला दीडशे डॉलर! दवाखान्याची फाईल वाचणाऱ्या नर्सची फी ठरते तरी कशी?

नर्सिंग झालेल्या मुलींच्या मोबाईलवर सध्या एक नवा शब्द फिरतोय. लीगल नर्स कन्सल्टंट. यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर व्हिडिओ दिसतात की अमेरिकेत नर्स घरी बसून कोर्ट केसच्या फाईली वाचते आणि तासाला शंभर-दीडशे डॉलर घेते. त्याच्याच खाली कोर्सची जाहिरात असते. दीडशे डॉलर म्हटल्यावर घरातलं कुणीतरी लगेच रुपयात गुणाकार करतं, त्याला आठ तासांनी आणि पुन्हा तीस दिवसांनी गुणतं, आणि आकडा बघून बापाचा हात पासबुकाकडं जातो.

हे काम खोटं नाही आणि दरही खोटा नाही. गुणाकार मात्र खोटा आहे. हा दर कशाचा बनलेला असतो ते समजलं, की कोर्सला पैसे भरायचे की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

काम काय असतं?

अमेरिकेत दवाखान्याच्या चुकीबद्दल, अपघाताबद्दल किंवा वृद्धाश्रमातल्या हयगयीबद्दल मोठ्या प्रमाणात दावे चालतात. एका पेशंटची फाईल हजार-दोन हजार पानांची सहज होते. वकिलाला कायदा कळतो, पण रात्री दोनला बीपी किती होतं, सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, औषध लिहिलं कधी आणि दिलं कधी, ही पानं त्याला लागत नाहीत. नर्सला ती लागतात, कारण तसलीच पानं तिने वर्षानुवर्षं स्वतः भरलेली असतात. समजा रात्री दोनपासून बीपी उतरत चाललंय आणि डॉक्टरला फोन गेल्याची नोंद पहाटे पाचची आहे. या तीन तासांवर अख्खी केस उभी राहू शकते. ते तीन तास शोधून तारीखवार, वेळवार मांडून द्यायचे, हे तिचं काम.

कधी कधी ती उलटंही सांगते, की पेशंट दगावला हे खरं, पण यात दवाखान्याची चूक दिसत नाही, केस घेऊ नका. वकिलाला हे उत्तर महाग पडत नाही, उलट त्याचे पैसे वाचतात. तिकडं अशा दाव्यात वकील पेशंटकडून आधी फी घेत नाही. जिंकलं तर भरपाईतला साधारण तिसरा हिस्सा त्याचा, हरलं तर काही नाही. तज्ज्ञ डॉक्टर, कागद, साक्षी यांचा खर्च बहुतेक वेळा तोच आधी खिशातून करतो आणि तो हजारो डॉलरमध्ये जातो. म्हणून केस लंगडी आहे हे पहिल्या आठवड्यात सांगणाऱ्या नर्सला तो खुशीने पैसे देतो.

या व्यवसायाची अमेरिकेतली संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी जोडलेलं एक प्रमाणपत्र आहे, पण ते सक्तीचं नाही. ते घ्यायचं तर अमेरिकेचं नर्सिंग लायसन, नर्स म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव आणि याच कामाचे दोन हजार तास दाखवावे लागतात. म्हणजे प्रमाणपत्र काम केल्यानंतर येतं. कोर्स केला आणि काम सुरू झालं, असा तो रस्ता नाही.

जेसीबीचा दर म्हणजे ड्रायव्हरचा पगार नव्हे

गावात जेसीबी तासावर येतो. तासाचा जो दर मालक घेतो तो ड्रायव्हरच्या हातात पडतो असं कुणी म्हणत नाही. त्यात डिझेल आलं, बँकेचा हप्ता आला, टायर-पाईप आले आणि पावसाळ्यात मशीन दारात उभं असतं ते दिवसही आले. नर्सच्या दीडशे डॉलरचंही तेच आहे.

हिशोब करून बघू. अमेरिकेत २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार नर्सचा मधला पगार वर्षाला ८६ हजार ७० डॉलर होता. मधला म्हणजे निम्म्या नर्सेसना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. तासाला तो साधारण ४१ डॉलर पडतो. आता हिने नोकरी सोडून स्वतंत्र काम धरलं. आरोग्य विमा आता तिचा तिने काढायचा. नोकरीत सामाजिक सुरक्षेचा कर निम्मा मालक भरत होता, आता पूर्ण १५.३ टक्के हिने भरायचा. चुकीबद्दल कुणी दावा केला तर त्याचा विमा वेगळा, कॉम्प्युटर, फाईली सुरक्षित ठेवायची सोय आणि हिशेबनीस हेही तिचंच. हा सगळा वरचा खर्च उदाहरणासाठी वर्षाला ३० हजार डॉलर धरू. म्हणजे नोकरीत होती तेवढ्यावरच राहायचं तरी वर्षाला १ लाख १६ हजार डॉलर यायला हवेत.

आता तास मोजू. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून सुट्ट्या, सणवार, आजारपणाचे सहा गेले. उरले ४६. आठवड्याला ४० तास म्हणजे १,८४० तास. पण हे सगळे तास बिलात लागत नाहीत. नवे वकील शोधायचे, त्यांना पत्रं पाठवायची, बिलं बनवायची, थकलेले पैसे मागायचे, नवी औषधं-नवे नियम वाचायचे, याचे पैसे कुणी देत नाही. निम्मे तास बिलात लागले तरी बरं म्हणायचं. म्हणजे ९२० तास. १ लाख १६ हजाराला ९२० ने भागलं की येतात १२६ डॉलर.

बघा, ४१ डॉलर तासाची नोकरी आणि १२६ डॉलर तासाचा स्वतंत्र धंदा, दोन्हीचं घरात येणारं पीक सारखंच. तिकडं स्वतंत्र काम करणाऱ्या नर्सेसचे दर साधारण १०० ते २०० डॉलरच्या दरम्यान सांगितले जातात ते यामुळे. आणि पहिल्या वर्षी निम्मे तासही भरत नाहीत. कित्येकजणी म्हणूनच दवाखान्यातली पाळी चालू ठेवून हे काम जोडीला करतात. ज्या नव्या नर्सला हा हिशोब कळत नाही ती भीतीपोटी ५० डॉलर दर सांगते. काम मिळतं, पण वर्षाअखेर नोकरीपेक्षा कमी पडतं. पुढं दर वाढवायला गेलं की तोच वकील म्हणतो, मागच्या वेळी तर पन्नास घेतले होते. पहिला सांगितलेला दर मागं लागतो, हे भाजीपाला विकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तासावर, उक्तं आणि विसार

फी घ्यायच्या पद्धती नवीन काही नाहीत, आपल्याकडच्या मजुरीसारख्याच आहेत. मुख्य पद्धत तासावरची. तिकडचे वकील स्वतःचा वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहितात, म्हणजे तासाचे दहा भाग. नर्सकडूनही तीच अपेक्षा असते. बिलात नुसतं 'फाईल वाचली, २० तास' लिहिलेलं चालत नाही. कोणत्या तारखेला कोणती पानं वाचली, त्यातून काय तयार केलं, हे ओळीओळीने द्यावं लागतं. काम चालू असतानाच वेळ लिहायचा, आठवून नाही.

तरी वकील आधीच विचारतो, एकूण किती होतील? समजा फाईल १,२०० पानांची आहे आणि ती तासाला ६० पानं वाचते. वीस तास झाले. तारीखवार तक्ता बनवायला आठ, अहवालाला सहा, फोनवर बोलायला दोन. एकूण ३६ तास. १२५ ने गुणलं की ४,५०० डॉलर. हा अंदाज लेखी द्यायचा आणि त्यापुढं जाणार असेल तर आधी कळवायचं. कामाच्या मध्यात कळवलं तर समोरचा ऐकतो, शेवटच्या बिलात एकदम आकडा दिसला की भांडण होतं.

दुसरी पद्धत उक्ती. छोट्या, ठराविक कामाला ती बरी, जसं केस घेण्याजोगी आहे का एवढंच बघून सांगणं. पण फाईलची पानं न बघता उक्तं घेतलं की फसगत ठरलेली. वकील म्हणतो छोटी फाईल आहे, आणि महिन्याने दुसऱ्या दवाखान्याची नऊशे पानं येतात. विहीर उक्ती घेतलेल्या माणसाला खाली खडक लागतो तसं होतं. म्हणून जाणकार नर्स उक्त्या कामात 'इतक्या पानांपर्यंत, पुढं तासाचा दर' असं लिहून घेते.

तिसरी गोष्ट विसार. काम सुरू व्हायच्या आधी दहा-एक तासांचे पैसे जमा करून घ्यायचे आणि जसं काम होईल तसे त्यातून वळते करायचे. नव्या वकिलाशी पहिलं काम असेल तर विसाराशिवाय फाईल उघडू नये असं अनुभवी नर्सेस सांगतात, आणि ते रास्त आहे. एकदा अहवाल वकिलाच्या हातात गेला की तिच्याकडं अडवून धरायला काही राहत नाही.

करारात आणखी एक ओळ लागते आणि तीच बहुतेकजणी विसरतात: पैसे कुणी द्यायचे? वकिलाने द्यायचे, पेशंटने नाही, आणि केस जिंकली काय, हरली काय किंवा मधेच मिटली काय, बिल तीस दिवसांत द्यायचं. ही ओळ नसली की 'केस मिटली की देतो' सुरू होतं. केसा वर्षानुवर्षं चालतात.

वाट्याने काम का नको?

शेती अर्धेलीने करता येते, मग केस का नको? वकील वाटा घेतो, मग नर्सने घेतला तर बिघडलं कुठं?

बिघडतं ते इथं. ज्या नर्सला केस जिंकली तरच पैसे मिळणार, तिला पहाटे पाचचा फोन दोनचा दिसावा की पाचचा, यात स्वतःचा फायदा-तोटा आहे. तिच्या शब्दाला मग किंमत काय राहिली? म्हणून अमेरिकेत बहुतेक राज्यांत तज्ज्ञ साक्षीदाराला निकालावर अवलंबून फी देणं गैर मानलं जातं. वकिलांच्या नियमांतही आपली फी वकील नसलेल्या माणसाबरोबर वाटून घ्यायला मनाई आहे. पडद्यामागं काम करणाऱ्या नर्सनेही वाटा मागू नये, कारण पडद्यामागची कधी पुढं यावी लागेल सांगता येत नाही.

साक्षीला उभं राहणाऱ्या नर्सचा दर पडद्यामागच्या कामापेक्षा जास्त असतो. कारण जोखीम जास्त. केंद्रीय कोर्टांच्या नियमाप्रमाणे खास साक्षीसाठी नेमलेल्या तज्ज्ञाच्या लेखी अहवालात तिला या कामाचे किती पैसे ठरले ते लिहावं लागतं, मागच्या चार वर्षांत कुठं कुठं साक्ष दिली त्याची यादीही द्यावी लागते. ही यादी विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या हातात असते. तो ज्युरीसमोर पहिला प्रश्न विचारतो, बाई, या साक्षीचे तुम्ही किती घेतले? तिथं 'साक्षीचे नाही, वेळेचे घेतले, आणि दोन्ही बाजूंना माझा दर एकच आहे' हे उत्तर देता आलं पाहिजे. पेशंटच्या बाजूला एक दर आणि दवाखान्याच्या बाजूला दुसरा, असं निघालं तर तिची साक्ष तिथंच पातळ होते. फी ठरवणं हा म्हणूनच नुसता पैशाचा प्रश्न नाही.

कोर्टाबाहेर विरुद्ध बाजू तिचा जबाब घेते त्या वेळेचे पैसे साधारणपणे ती विरुद्ध बाजूच देते. असल्या कामाला कमीत कमी अर्धा दिवस किंवा चार तास असे धरून दर लावतात, कारण एक तासाच्या जबाबासाठी अख्खा दिवस मोडतो. ऐनवेळी तारीख रद्द झाली तर काय द्यायचं तेही आधीच लिहितात.

नर्स कशावर बोलू शकते याचीही हद्द आहे. नर्सिंगच्या कामात चूक झाली का हे ती सांगते, डॉक्टरचं ऑपरेशन चुकलं का हे नाही. उलट बाजूही तशीच. पेशंट खाटेवरून पडल्याच्या एका प्रकरणात इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं की नर्सने काय करायला हवं होतं यावर डॉक्टरची साक्ष चालणार नाही, कारण नर्सिंग हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडं नर्सला 'डॉक्टरची मदतनीस' समजणाऱ्यांनी हे वाचण्यासारखं आहे.

इथल्या मुलीला यातलं काय मिळू शकतं?

वरचा सगळा हिशोब अमेरिकेचं लायसन असलेल्या नर्सचा आहे. त्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा पास व्हावी लागते आणि राज्याचं लायसन घ्यावं लागतं. नुसत्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर इथून कुणी तिकडच्या कोर्टात साक्ष देत नाही, आणि कुठला वकील अनोळखी मुलीला दीडशे डॉलर तासही देत नाही.

मग भारतात हे काम येतच नाही का? येतं. अमेरिकन वकिलांच्या फाईली वाचून गोषवारा तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या देशात आहेत आणि त्यांना नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथी शिकलेली मुलं-मुली लागतात. पण तिथं महिन्याचा पगार असतो, तोही रुपयात. डॉलरचा दर कंपनीचा. दुसऱ्याच्या दवाखान्याचे कागद असल्यामुळे गुप्ततेचे नियम कडक असतात, फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला दाखवली तरी नोकरी जाते. इंग्रजी वाचन पक्कं असेल आणि वॉर्डाचा दोन-चार वर्षांचा अनुभव असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही. मात्र अशी नोकरी अर्ज करून मिळवायची असते, कोर्स विकत घेऊन नाही.

आपल्या तालुक्यातली फाईल

याच कामाची एक बाजू मात्र आपल्या गावातही आहे. पेशंट दगावला, घरच्यांना शंका आहे, आणि नात्यातल्या एखाद्या नर्सला म्हणतात, बाई गं, जरा कागद बघ. ती दोन-तीन रात्री बसून बघते. फुकट. वर एखादी चूक राहिली तर बोल तिलाच.

आपल्याकडं लीगल नर्स कन्सल्टंट अशी वेगळी पदवी किंवा परवाना नाही. पण कागद वाचून समजावून सांगण्याच्या वेळेचे पैसे घ्यायला कुणाची आडकाठी नाही. दर ठरवायचा तर तोच हिशोब लावा. समजा तिचा पगार महिना १८ हजार आहे, २६ दिवस आठ-आठ तास म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ८७ रुपये पडले. बिनपैशाचे तास धरून दुप्पट करा, १७५ रुपये. दहा तास लागले तर १,७५० रुपये. ज्या घरात दवाखान्याला लाखभर गेलेत त्यांनी हे द्यायला कचरू नये, आणि तिनेही मागायला लाजू नये.

भरपाईतला वाटा मात्र इथंही मागायचा नाही. आपल्याकडं तर वकिलालाही तो घेता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. 'जिंकलो तर तीस टक्के द्या' म्हणणारा कुणी भेटला तर हे लक्षात ठेवा. नर्सने कायद्याचा सल्ला देऊ नये, ते वकिलाचं काम. ती ज्या दवाखान्यात नोकरीला आहे तिथली फाईल तिने हातातच घेऊ नये. आणि सरकारी नोकरीत असेल तर पैसे घेऊन बाहेरचं काम करण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर नोकरीवर बेतेल.

कागद मिळवायचं काम घरच्यांचं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. दाव्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः बाजू मांडता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. पण गुंतागुंतीच्या प्रकरणात डॉक्टरांचं तज्ज्ञ मत लागतं, आणि नर्सने बनवलेला तारीखवार तक्ता हातात असला की त्या डॉक्टरचाही वेळ वाचतो.

राहिला कोर्स. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: अमेरिकेचं लायसन नसताना याचा उपयोग कुठं होईल, मागच्या वर्षीच्या किती मुलींना कुठं आणि किती रुपयांवर काम लागलं, आणि मधेच सोडल्यास फी किती परत मिळेल. उत्तर फोनवर गोड आणि कागदावर कोरं असेल तर थांबा. पैसे भरून झाले आणि शब्द पाळला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा. भलत्याच खात्यावर पैसे वळवून कुणी पसार झाला असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.